खुणेपासून दोन बोटं

"मास्तर, खुणेवर चित्र येतच न्हाय," हौसाबाई म्हणाल्या. "मुंबई हितं लिवलंय, पन मुंबई दिसतीय तितं." त्यांनी पत्र्याच्या तबकडीवर दोन बोटं आडवी टेकवून मला अंतर दाखवलं.

जुलै संपत आला होता. दोन दिवस पावसानं उघडीप दिली होती, म्हणून मी सायकल पायथ्याला ठेवून सावरघळच्या टेपाडावर चढून आलो होतो. खाली समाजमंदिराची कौलं दिसत होती, त्याच्याभोवती तीसेक घरं, मग ओढा, ओढ्यावरचा साकव, आणि पलीकडे उघड्या कातळावर एकटी शाळा. मागे डोंगर. तो इतका जवळ होता की मान वर केल्याशिवाय त्याचा माथा दिसत नसे.

मी तेव्हा तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण केंद्रात रेडिओ-टीव्हीचा निदेशक होतो. वय बत्तीस. सावरघळच्या मुंबईकर मंडळींनी गावाला टीव्ही दिला, बॅटरीवर चालणारा चौदा इंची ब्लॅक अँड व्हाईट, आणि त्यावर मुंग्यांशिवाय काही दिसेना. गाव डोंगराच्या पोटात. बाजारातला अँटेना एका चॅनेलपुरता कापलेला असतो. या घळीत कुठला चॅनेल पोचेल याचा नेम नाही. मग मंडळी माझ्याकडे आली. मी चार महिने खपून त्यांच्यासाठी नवा अँटेना आखला. ॲल्युमिनियमच्या चौदा जोड नळ्या एका दांड्यावर, माशाच्या काट्यासारख्या. सर्वांत लांब साडेसात फुटांची, मग प्रत्येक पुढची ठरावीक प्रमाणात आखूड, शेवटची दोन फुटांची. लांब लहरींचा चॅनेल लांब नळ्या धरतात, आखूड लहरींचा आखूड. एकच अँटेना, पण येईल त्या चॅनेलला त्याच्या मापाची नळी तयार. खांब एकात एक दोन पाइपांचा होता. बाहेरचा काँक्रीटमध्ये रोवलेला, आतला, काटा लावलेला, दांडा धरून फिरवायचा. बाहेरच्या पाइपाला छातीच्या उंचीवर मोठ्या परातीएवढी तबकडी बसवली होती आणि तिच्यावर ऑइलपेंटनं मी स्वतः खुणा केल्या होत्या: मुंबई, पुणे, पणजी. काटा खुणेवर आणला की खाली चित्र आरशासारखं.

फिरवायचं काम हौसाबाई पार्ट्यांकडे होतं. विधवा बाई, पंचेचाळिशीच्या. टेपाडाच्या कडेलाच त्यांचं घर, घरात अंथरुणाला खिळलेली सासू. खालून कुणी हाक दिली, "पुणे लावा हो!" की त्या हातातलं काम टाकून येत आणि दांडा फिरवत. गावात टीव्ही सर्वांत कमी पाहणाऱ्या त्याच असतील, पण अँटेनाचा स्वभाव त्यांच्याइतका कुणाला ठाऊक नव्हता.

मी मुंबई लावून पाहिली. खाली उभ्या असलेल्या शिवरामनं, म्हणजे सकपाळ तात्यांच्या मुलानं, ओरडून सांगितलं, "सावल्या पडतात! एका माणसाची दोन माणसं!" काटा दोन बोटं सरकवला तेव्हा सावल्या गेल्या. पुणे लावलं. तेही दोन बोटं. पणजीही दोन बोटं, त्याच बाजूला.

एखादी नळी सैल झाली असती तर एखादा चॅनेल बिघडला असता. तिन्ही सारखे आणि एकाच दिशेला सरकतात याचा अर्थ खांबच जागेवरून फिरला होता, आणि तो मला कळत नव्हता असं नाही. खांबाला तीन बाजूंनी ताणतारा होत्या. खालच्या दोन हाताला ढिल्या लागल्या. डोंगराच्या अंगाची तिसरी इतकी ताठ होती की बोटानं छेडली तर वाजली.

"थांबा, मी वरची खुंटी बघून येतो," मी म्हणालो आणि तारेच्या मागोमाग कारवीच्या झुडपांतून वर गेलो.

परत आलो तेव्हा हौसाबाई तिथंच, पदर खोचून उभ्या होत्या.

"काय हाय वर?"

"काही नाही. खुंटी पक्की आहे."

"मास्तर, आमच्या घराचं दार चार दिस झालं उंबऱ्याला अडतंय. आन झऱ्याचं पानी गढूळ येतंय. पाऊस न्हाय तरीबी गढूळ."

"पावसाळ्यात लाकूड फुगतंच, बाई."

"दरवर्साला फुगतं. पन अडत न्हवतं."

ताणतारांचे स्क्रू फिरवून मी खालच्या दोन ताणल्या, वरची सैल केली, खांब ओळंब्यात आणला. मग खिशातून रंगाची डबी काढून जुन्या खुणा पुसल्या आणि दोन बोटं पलीकडे नव्या केल्या.

तेवढ्यात तात्या सकपाळ काठी टेकत वर आले. त्यांच्या मागे सून, शिवरामची बायको वैजयंता, कडेवर वर्षाचं पोर. तात्यांनी तीस वर्षं गोदीत काढली होती. टेपाड त्यांच्या मालकीचं. अँटेनासाठी ती जागा त्यांनी गावाला दिली होती आणि समाजमंदिराच्या भिंतीवर त्यांच्या नावाची पाटी होती.

"काय मास्तर, गावात बोलतायत खांब कलला म्हणून. माझी जमीन खराब आहे का?"

तात्या हसत विचारत होते, पण काठीवरची बोटं आवळलेली होती.

"जमिनीला काय झालंय, तात्या!" मी म्हणालो. "चूक माझ्या मोजमापाची. वाऱ्याचा जोर मी कमी धरला होता. तुमची जमीन म्हणजे लोखंड आहे."

"ऐकलंस ना गं?" तात्या सुनेकडे वळून म्हणाले. "इंजिनिअर माणूस सांगतोय. आता त्या शिवरामला सांग, म्हणावं, घाबरट!"

वैजयंता हसली. हौसाबाई हसल्या नाहीत. त्या माझ्या चपलांकडे पाहत होत्या. चपलांना ओली लाल माती लागली होती.

पुढचे अठरा दिवस मी केंद्रात मान वर न करता काम केलं. जिल्ह्याच्या ठिकाणाहून एक साहेब नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात सावरघळचा अँटेना पाहायला येणार होते. त्यांना तो पटला तर डोंगरातल्या आणखी अकरा गावांत माझ्या आखणीचे अँटेना बसणार होते. मी आराखड्याची स्वच्छ प्रत काढली, नळ्यांच्या लांबीचा तक्ता केला, खाली सही केली. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी असं केलं होतं की ज्याला माझं नाव लागणार होतं. त्या दिवसांत पाऊस परत लागला आणि शेवटचे सहा दिवस तर त्यानं श्वासही घेतला नाही. रात्री कौलांवर तो आपटायचा, तेव्हा मी कूस बदलून स्वतःला सांगायचो की खांब वाऱ्यानं कलला आहे. वाऱ्यानंच.

साहेब मंगळवारी येणार, म्हणून रविवारी सकाळी मी खांब पुन्हा ओळंब्यात आणायला निघालो.

गावात शिरलो तेव्हा दहा वाजले असतील. बांधावर कुणी नव्हतं, पाणवठ्यावर कुणी नव्हतं. शेताची कामं पावसानं बंद, सणासाठी मुंबईची माणसं आलेली आणि टीव्हीवर क्रिकेटचा सामना. सगळं गाव समाजमंदिरात दाटीवाटीनं बसलेलं. दारात चपलांचा ढीग. मी आत डोकावलो तसा जल्लोष झाला, "मास्तर आले, मास्तर आले, आता चित्र सरळ होईल!"

मी वर गेलो. अर्ध्या वाटेवरच मला आवाज ऐकू आला. बारीक, सलग, कानात टोचणारा. डोंगराकडची तार वाजत होती. वारा अजिबात नव्हता.

हौसाबाई दांड्यापाशी भिजत उभ्या होत्या. "कालपासनं गातीय," त्या म्हणाल्या. "आन काटा चार बोटं गेलाय, तुमच्या नव्या खुणंपासनं. दार तर काल रातीपासनं उघडंच ऱ्हायलंय, लावताच येत न्हाय."

मी धावतच वर खुंटीकडे गेलो. कारवीतून बाहेर पडलो आणि थांबलो. समोर मातीची पायरी उभी होती, गुडघ्याइतकी उंच, डावीकडून उजवीकडे नजर जाईल तिथवर गेलेली. खुंटी पायरीच्या वर होती. मी, खांब, हौसाबाईंचं घर आणि सगळं टेपाड पायरीच्या खाली होतं. भेगेत झुडपांची मुळं ताणलेली दिसत होती. माझ्या डोळ्यांदेखत त्यांतलं एक तुटलं.

खाली येऊन मी तात्यांना समाजमंदिराच्या बाहेर बोलावलं.

"तात्या, डोंगर सुटलाय. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना शाळेत न्यायला हवं."

तात्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी प्यायलो आहे. "काय बोलताय?"

"टेपाड सरकतंय. वर गुडघ्याएवढी भेग पडलीय. चला, दाखवतो."

"आणि परवा? परवा वर टेपाडावर उभं राहून काय म्हणालात?"

"परवा नाही, अठरा दिवस झाले..."

"अठरा तर अठरा! लोखंड आहे म्हणालात. चार माणसांत म्हणालात. आता साहेब यायच्या आधी तुमचा खांब कलला, म्हणून माझी जमीन वाईट?" त्यांचा आवाज चढला. दाराशी बसलेली दोघं-तिघं वळून पाहू लागली. "हा डोंगर माझ्या आजानं पाहिला. तुम्ही काल आलात. सामना चाललाय, लोकांना घाबरवू नका."

मी आत जाऊन ओरडलो. खरंच ओरडलो. म्हणालो, दरड येतेय, उठा. काही जण हसले. काही तात्यांकडे पाहू लागले, आणि तात्यांनी हात हलवला, बसा म्हणून. त्याच वेळी कुणीतरी बाद झालं आणि सगळी पडद्याकडे वळली. शंभरावर पाठी माझ्यासमोर होत्या.

मी बाहेर आलो. हौसाबाई पाठोपाठ खाली आल्या होत्या.

"ऐकत न्हाईत?"

"नाही."

"मग टीव्हीच न्या की," त्या म्हणाल्या. "टीव्ही जाईल तितं जातील."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्या वर पळाल्या आणि त्यांनी दांडा गरकन फिरवला. आतून एकच आरडाओरडा झाला. मी आत गेलो, सेटची दोन बटणं उगीच फिरवली आणि म्हणालो, "डोंगराचा अडथळा वाढलाय. इथं आता चित्र येणार नाही. शाळेपाशी कातळावर अँटेना लावला तर अर्ध्या तासात सामना दिसेल. शिवाय आणखी दोन चॅनेल धरतील."

जे खऱ्याला हलले नव्हते ते या खोट्याला हलले. शिवरामनं सेट उचलला, एकानं बॅटरी डोक्यावर घेतली. चार पोरं माझ्यासोबत टेपाडावर आली. मी खांबाच्या वरचा भाग उतरवला, ताणतारांना हात लावला नाही. पोरांना सांगितलं, पाय हलके टाका, आणि त्यांनी का म्हणून विचारलं नाही. चौदा जोड नळ्यांचा तो सांगाडा चौघांनी खांद्यावर घेतला, तसं कुणीतरी म्हणालं, "अरे, तिरडीसारखा काय धरलाय, आडवा करा!" आणि सगळे हसले.

साकवावरून माणसांची रांग लागली. छत्र्या, इरली, पोरंसोरं. हौसाबाईंनी दोन बायांना हाताशी घेऊन सासूला घोंगडीत घातलं. "माजी सासू बी सामना बघनार म्हनतीय," असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. म्हातारीला कित्येक वर्षं काही दिसत नव्हतं.

तात्या आले नाहीत. "माझ्या जागेवरचा अँटेना मला न विचारता हलवला," एवढंच ते म्हणाले आणि रिकाम्या समाजमंदिरात, जिथं टीव्ही होता त्या कोनाड्यासमोर, खुर्ची ओढून बसले. त्यांच्यासोबतीला त्यांच्या वयाचे पाच जण बसले.

शाळेच्या झेंड्याच्या खांबाला मी अँटेना बांधला. कातळावर डोंगराची आड नव्हती. वायर जोडली आणि असं चित्र आलं की मी तसं कधीच पाहिलं नव्हतं. मुंबई काचेसारखी. पुणे तसंच. पणजी तसंच. एक चॅनेल तर असा धरला की तो कुठला ते मलाही ओळखता आलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"तात्यांना आणायला हवं हे बघायला," शिवराम म्हणाला. मी त्याचा हात धरला. "जाऊ नकोस. शिवराम, मी मघाशी खोटं बोललो. दरड खरी आहे."

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "मग तर गेलंच पाहिजे," तो म्हणाला आणि हात सोडवून साकवाकडे पळाला.

पहिल्यांदा ओढा थांबला. इतका वेळ त्याची गर्जना कानात होती आणि एकाएकी ती बंद झाली, तेव्हा शाळेतली सगळी माणसं वळली. वर कुठंतरी मातीनं पाणी अडवलं होतं; ओढ्याच्या पात्रात नुसते दगड चमकत होते. मग डोंगराच्या अंगावरची झाडं उभ्यानं चालू लागली. पडली नाहीत, चालली. टेपाड, खांब, हौसाबाईंचं घर, समाजमंदिर, खालची घरं. आवाज त्यानंतर आला. आवाज थांबला तेव्हा पलीकडे गाव नव्हतं. लाल, ओला, नुकता नांगरल्यासारखा उतार होता, आणि शाळेत टीव्ही चालूच होता.

सात माणसं गेली. तात्या, त्यांचे पाच सोबती आणि शिवराम. तो समाजमंदिराच्या दारात सापडला, वडिलांना खुर्चीसकट उचललेल्या स्थितीत.

शाळेत एकशे अठरा माणसं होती. वर्तमानपत्रात छापून आलं की एका अँटेनानं एकशे अठरा जीव वाचवले. साहेब आले, मंगळवारी नाही, गुरुवारी, मंत्र्यांच्या ताफ्यासोबत. अकरा गावांची मंजुरी त्यांनी तिथंच, शाळेच्या व्हरांड्यात दिली. मला हार घातला. मी तो घालू दिला.

हार काढून ठेवत होतो तेव्हा हौसाबाई आल्या. शाळेत सगळ्या गावाचा स्वयंपाक त्यांच्या हाताखाली चालला होता. हात पिठानं माखलेले.

"मास्तर, त्या दिशी तुमी खुंटी बघाया गेला व्हता. तवा काय बघितलं?"

मी आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं.

"भेग," मी म्हणालो. "दोन बोटं रुंद. तीसेक पावलं लांब. गवत दोन्ही बाजूंना फाटलेलं होतं."

"मग?"

"मी पायानं माती लोटली. वर गवताची ढेपळं ठेवली. साहेब वर येऊन बघतील म्हणून."

त्यांनी हातांवरचं पीठ पदराला पुसलं. आत कुणाचं तरी पोर रडत होतं.

"तवाच सांगितलं असतंत, तर तात्या उठलं असतं," त्या शेवटी म्हणाल्या. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं. "जमीन लोखंड हाय म्हनून तुमीच त्येंला बसवलंत."

"हो."

"मला सांगून काय व्हनार? माजी म्हातारी वाचली. वैजयंताला सांगा."

त्या गेल्या. नंतर पुष्कळ वर्षं आम्ही भेटत राहिलो. नव्या वसाहतीत त्यांच्या घरी मी चहा प्यायलो. पण ही गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही, आणि मी सांगितलं की नाही हेही कधी विचारलं नाही.

मी गेलो होतो. बाराव्या दिवशीचे विधी उरकल्यावर, दुपारी. शाळेच्या दुसऱ्या वर्गात बाकांचा आडोसा करून वैजयंताला जागा दिली होती. पोर तिच्या मांडीवर झोपलं होतं. मी आडोशापाशी उभा राहिलो. वाक्य मी रस्ताभर घोकत आलो होतो: वैजयंता, मला आधीच माहीत होतं. एवढंच. पाच शब्द.

तिनं मला पाहिलं. पोराला सावकाश खाली सतरंजीवर ठेवलं, पदर सारखा केला आणि उठून पुढे आली.

"मास्तर," ती म्हणाली, "हे पोर तुमच्यामुळं हाय." आणि माझ्या पाया पडायला वाकली.

मी तोंड उघडलं होतं. तसंच मिटलं, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.